नजरबंदी: जुन्या ग्लॅमरची आणि फोटोंची जाडजूड पुस्तकं

खिडकीपाशी

हॉलिवूडची जुनी नटी ग्रेटा गार्बो हिचा एकच फोटो माझ्याकडे तीन पुस्तकांत आहे. एडवर्ड स्टायकेनने १९२८ साली काढलेला, दोन्ही हातांनी केस मागे दाबून धरलेला. एका पुस्तकात बाई दमलेली दिसते. दुसऱ्यात वैतागलेली. तिसऱ्यात ती अशी बघते की पान उलटायचं राहून जातं.

बरेच दिवस मला वाटायचं, आपलाच मूड. मग मागच्या महिन्यात दहापट मोठं दाखवणारं भिंग हाताला लागलं आणि मी तिन्ही पुस्तकं जमिनीवर शेजारी शेजारी उघडून पालथा पडलो. (घरच्यांनी दोनदा विचारलं, काही हरवलंय का.)

पहिल्या पुस्तकातला डोळा भिंगाखाली गायबच झाला. नुसते काळे ठिपके. बुबुळात मोठाले, एकमेकांना चिकटलेले. पापणीकडे बारीक बारीक होत गेलेले. काळा पोशाख म्हणजे शाईचं डबकं, खांदा कुठे संपतो याचा पत्ता नाही. दुसऱ्यात ठिपके दोन जातींचे निघाले, काळे आणि त्यांच्या आडून डोकावणारे करडे. तिथे खांदा सापडला. तिसरं पुस्तक सगळ्यांत जुनं, कोपरे झिजलेलं, पाठीचं कापड सुटत आलेलं. त्यात लहानमोठे ठिपकेच नाहीत. गालावरची सावली धुकं उतरावं तशी उतरलेली, आणि पानावरून बोट फिरवलं तर काळा भाग मखमलीसारखा लागतो.

तेव्हापासून मी कपाटातली सगळी पुस्तकं पुन्हा काढून बसलोय. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ ‘कॅमेरा वर्क’ नावाचं त्रैमासिक काढायचा, १९०३ ते १९१७, एकूण ५० अंक. त्यातली चित्रं अशाच मखमली छपाईची. १९०४ मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनाला मूळ प्रिंट वेळेत पोचल्या नाहीत, तेव्हा अंकातली पानंच भिंतीवर लावली आणि बहुतेकांना ती मूळ फोटोच वाटली, असं सांगतात. आधी मला ही फुशारकी वाटायची. आता वाटत नाही.

तर धागा यासाठी. चित्रांची, फोटोंची, जुन्या नट्यांची, फॅशनची, पिन-अपची (भिंतीवर टाचायला काढलेल्या देखण्या बायकांच्या चित्रांची), जी काही जाडजूड पुस्तकं तुमच्याकडे असतील ती काढा आणि त्यात काय दिसलं ते लिहा. ‘सर्वोत्तम दहा’ छापाची यादी कृपया नको, तसल्या याद्या ढिगाने पडल्यात.

आगाऊ कार्टं

पीडीएफ मिळेल का?

मुद्राराक्षस

कार्ट्या, लेख न वाचता प्रतिसाद देण्याचा विक्रम तुझाच.

खिडकीपाशी, पालथं पडून पुस्तक बघणारा माणूस भेटला, बरं वाटलं. मी ३१ वर्षं ऑफसेट छपाईच्या मशीनवर काढली, तेव्हा दोन शब्द बोलतो.

तुमचं पहिलं पुस्तक एका काळ्या शाईत छापलंय. ऑफसेटवर एकटी काळी शाई फोटोतल्या खोल सावलीपर्यंत पोचत नाही. म्हणून मशीनवाला शाई वाढवतो, ठिपके फुगतात, आणि तुम्ही पाहिलंत ते डबकं होतं. दुसऱ्यात ड्युओटोन आहे. त्याच चित्राच्या दोन प्लेट करायच्या, काळी प्लेट सावल्या सांभाळते आणि करडी मधल्या छटा. आणखी एक शाई घेतली की ट्रायटोन. अमेरिकेत रिचर्ड बेन्सन नावाचा एक अवलिया होऊन गेला, २०१७ मध्ये वारला. आत्झेने काढलेल्या जुन्या पॅरिसच्या फोटोंचे चार खंड न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयाने १९८१ ते १९८५ या काळात काढले, त्यांच्या छपाईमागे त्याचा हात होता. ते खंड कुणाकडे असतील तर दगडी पायऱ्यांवरचा ओलसरपणा बघा. आम्ही मशीनवर उभे राहून तसली करडी मिळवायला दोन-दोन पाळ्या घालवल्यात आणि तरी ती मिळाली नाही.

तिसरं ग्रॅव्ह्युअर. ही पद्धत व्हिएन्नात कारेल क्लिचने १८७९ मध्ये बसवली. तांब्याच्या प्लेटवर आम्लाने खड्डे पाडायचे, खोल खड्ड्यात शाई जास्त, उथळात कमी. ऑफसेटचा ठिपका लहान असो की मोठा, शाईचा थर सगळीकडे सारखाच. ग्रॅव्ह्युअरमध्ये थरच जाडबारीक होतो. पुढे यंत्रावर छापायला लागले तेव्हा खड्ड्यांची बारीक जाळी आली, भिंगातून ती दिसते, पण घरं सगळी एकाच मापाची. सावली धुक्यासारखी उतरते ती त्यामुळे. पद्धत महाग आणि वेळखाऊ, म्हणून पुस्तकांतून गेली.

वर्तमानपत्राच्या जाळीत इंचाला ६५ ते ८५ ओळी, चांगल्या कलापुस्तकात १७५ किंवा त्याहून जास्त. म्हणून वर्तमानपत्राचे ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि यांना भिंग लागतं. रंगीत चित्रात चार शाया, प्रत्येकीची जाळी वेगळ्या कोनात: काळी ४५ अंश, निळी १५, किरमिजी ७५, पिवळी शून्य. भिंगातून बघाल तर ठिपक्यांची बारकी फुलं दिसतील. ती फुलं नीट उमललेली असली म्हणजे समजा मशीनवाला जागा होता. रजिस्टर, म्हणजे चारही शायांची एकमेकींवरची जुळणी, हललं की नटीच्या ओठाला दुसरा ओठ फुटतो.

कोरा कागद

धागा मस्त! माझा एक बाळबोध प्रश्न. वडिलांच्या कपाटातलं एक जुनं पुस्तक आहे, फ्रेंच चित्रकारांवरचं. त्यात रंगीत चित्रं पानावर छापलेलीच नाहीत. वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून फक्त वरच्या कडेला जरासा गोंद लावून चिकटवलीत. खालून फडफडतात. बाइंडरने काम अर्धवट सोडलं असणार. मी मागे दोन निघालेली चित्रं चारी बाजूंनी गोंद लावून पक्की बसवली होती. बाकीचीही बसवून टाकू का?

मुद्राराक्षस

नको!! ताई, हात जोडतो, नको.

डार्करूम

नको +१

खिडकीपाशी

+१. अहो, ते तसंच असतं. त्याला टिप-इन म्हणतात.

मुद्राराक्षस

नीट सांगतो, नाहीतर ताई गोंदाची बाटली घेऊन बसल्या असतील. मजकूर छापायचा खिळ्यांनी, जाडसर खरखरीत कागदावर. रंगीत चित्राला लागतो चिनीमातीचा लेप दिलेला आर्ट पेपर. दोन्ही एका मशीनवर, एका कागदावर जमत नसे. म्हणून चित्रं वेगळी छापून माणसं एकेक करून हाताने चिकटवत. स्वित्झर्लंडच्या स्किरा प्रकाशनाची ख्याती याच चित्रांवर उभी राहिली. फक्त वरच्या कडेला गोंद का? दोन कागद हवेतली ओल वेगवेगळ्या मापाने पितात. चारी बाजू जखडल्या की पान पापडासारखं वळतं. तुमची ती दोन पानं वळलीत का बघा.

कोरा कागद

वळलीत. 😔

सांजवात

मी जरा ग्लॅमरकडे वळते, धाग्याच्या नावातच आहे म्हणून.

ग्लॅमर हा शब्द स्कॉटलंडचा. मुळात तो ‘ग्रामर’चाच अपभ्रंश. व्याकरण येतं म्हणजे विद्या येते, विद्या येते म्हणजे मंत्रतंत्र येत असणार, या हिशेबाने ग्लॅमर म्हणजे डोळ्यांवर टाकलेली भूल. वॉल्टर स्कॉटने १८०५ च्या सुमारास तो साहित्यात रुळवला. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, नजरबंदी. खिडकीपाशी यांनी शीर्षकात तोच वापरलाय, मुद्दाम की चुकून ते माहीत नाही.

माझ्याकडे हॉलिवूडच्या स्टुडिओ पोर्ट्रेटची चार-पाच पुस्तकं आहेत. हे फोटो टिकले कसे याचीच एक गोष्ट आहे. १९३० च्या दशकात प्रत्येक स्टुडिओचा स्वतःचा फोटो विभाग होता. फोटो काढायचे, हजारोंनी प्रती करायच्या, मासिकांना फुकट वाटायच्या. फोटोग्राफरचं नाव असलंच तर मागच्या बाजूला शिक्क्यात, आणि मासिकवाले ते छापतीलच असं नाही. काम झालं की रद्दी. पुढे जॉन कोबाल नावाच्या एका सिनेमावेड्याने हे गोळा करायला घेतलं, फेकायला काढलेल्या मोठ्या निगेटिव्ह मिळवल्या, म्हातारे झालेले फोटोग्राफर शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याने यांचं प्रदर्शन मांडलं आणि १९८० मध्ये जाडजूड पुस्तक काढलं. आज जॉर्ज हरेल, क्लॅरेन्स सिंक्लेअर बुल ही नावं आपण घेतो त्यात कोबालचा मोठा वाटा आहे. पुस्तकाने फोटोला नाव मिळवून दिलं, असा उलटा प्रवास.

एक सोपी खूण सांगते. मार्लेन डीट्रिश या नटीचा कुठलाही गाजलेला फोटो काढा आणि नाकाखाली बघा. फुलपाखराच्या आकाराची छोटी सावली दिसेल. दिवा समोर आणि बराच उंच, त्यामुळे गालाखाली खळगा पडतो, गालाची हाडं वर येतात. या प्रकाशयोजनेला पॅरामाउंट लायटिंगच म्हणतात, तिच्या स्टुडिओच्या नावावरून. एकदा ही सावली दिसायला लागली की सगळीकडे दिसते, सांभाळून.

तिरकस

सगळं वाचलं. छपाईचं कौतुक ठीक आहे. पण एक कुणीच बोलत नाहीये म्हणून बोलतो. ही ‘जुन्या ग्लॅमर’ची पुस्तकं म्हणजे नटून, तेल लावून, दिव्याखाली बसवलेल्या बायका आणि त्यांच्याकडे बघणारे पुरुष. पिन-अपची तर बोलूच नका. आर्ट पेपरवर छापलं, ३०० पानांचं केलं, पुठ्ठा जाड लावला की ती कला होते काय?

सांजवात

आक्षेप मान्य, पण चित्र इतकं एकरंगी नाही. एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीचा पोर्ट्रेट स्टुडिओ १९२५ ते १९३० या काळात रूथ हॅरिएट लुईझ चालवायची. नेमणूक झाली तेव्हा वय २२. गार्बोची हॉलिवूडमधली सुरुवातीची प्रतिमा घडली ती हिच्या कॅमेऱ्यात. पिन-अपमध्ये झोई मोझर्ट ही आघाडीची चित्रकार होती, आणि ती आरसा लावून स्वतःच्याच शरीरावरून चित्रं काढायची. तिच्या चित्रांत कोण कुणाकडे बघतंय ते सांगा.

आणि ली मिलर. १५ मार्च १९२७ च्या ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर झॉर्झ लेपापने काढलेला तिचा चेहरा आहे, निळ्या हॅटमधला. पुढे ही मॉडेल पॅरिसला जाऊन मॅन रे या फोटोग्राफरच्या बरोबरीने डार्करूममध्ये काम करू लागली, स्वतःचा स्टुडिओ काढला, दुसऱ्या महायुद्धात सैन्याबरोबर फिरून डाखाऊ छावणीचे फोटो काढले. ती वारल्यावर माळ्यावर हजारो निगेटिव्ह सापडल्या. घरच्यांना याची धड कल्पनाही नव्हती. तिच्यावरचं पुस्तक चाळताना पंधराव्या पानावरची मोत्यांची माळ आणि दोनशेव्या पानावरची प्रेतं एकाच बाईच्या आयुष्यातली आहेत, हे पचायला वेळ लागतो.

तिरकस

ली मिलरबद्दल आदर आहेच. पण चार नावांनी हिशेब पुरा होत नाही. आणि तुमच्याच उदाहरणात बघा, मोझर्ट किती जणांना माहीत? पिन-अप काढणारा व्हार्गास सगळ्यांना.

सांजवात

खरंय. तिच्या चित्रांना पुस्तकांत दोन पानं आणि व्हार्गासला वेगळे ग्रंथ, हे मीही मोजून पाहिलंय. पण व्हार्गासचंही फार सुखाचं नव्हतं हो. ‘एस्क्वायर’ने १९४० पासून त्याची चित्रं छापली, आडनावातला शेवटचा ‘स’ काढून त्यांना ‘व्हार्गा गर्ल’ म्हटलं, आणि भांडण झाल्यावर कोर्टात ते नाव मासिकाकडेच राहिलं. माणसाला स्वतःचं अर्धवट नावही वापरता येईना.

डार्करूम

तिरकस, तुम्ही ‘तेल लावून’ म्हणालात ते गमतीत असेल, पण हरेल खरंच तसं करायचा. मेकअप जवळजवळ नाही, त्वचा तेलाने चमकवलेली, आणि वरून लांब दांड्यावर टांगलेला कडक स्पॉटलाइट. अशा उजेडात प्रत्येक रंध्र, प्रत्येक वांग दिसतो. जोन क्रॉफर्डच्या चेहऱ्यावर भरपूर वांग होते. छापील फोटोत एक शोधून दाखवा.

ते कसे गेले ते मला आजोबांमुळे कळलं. आजोबांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्यात रिटचिंगचं एक डेस्क. उतरती लाकडी चौकट, मध्ये दुधी काच, खाली तिरका आरसा, आरशाचं तोंड उजेडाकडे. काचेवर निगेटिव्ह ठेवायची. निगेटिव्हवर शिसं धरत नाही, म्हणून आधी कापसाच्या बोळ्याने एक चिकटसर द्रव पुसून घ्यायचे. पेन्सिल पॉलिश पेपरवर फिरवून फिरवून इतकी टोकदार करायचे की आम्हा पोरांना हात लावायची बंदी होती. मग श्वास रोखून स्वल्पविरामाएवढे फटकारे, एकाशेजारी एक.

यातली गंमत अशी की निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. सुरकुती किंवा वांग फोटोत काळा दिसतो, म्हणजे निगेटिव्हमध्ये ती जागा पारदर्शक असते. तिथे शिसं भरलं की उजेड अडतो आणि प्रिंटमध्ये तो डाग पांढरा पडत त्वचेत मिसळतो. उलट काही काळं करायचं असेल, उदाहरणार्थ कंबर बारीक करायची असेल, तर पात्याने निगेटिव्हचा थर खरवडायचा. एक फटका जास्त बसला की निगेटिव्ह बाद. आजोबा ते काम सकाळी चहाच्याही आधी करायचे, हात थरथरू नये म्हणून.

हॉलिवूडवाले हे करू शकत होते कारण त्यांच्या निगेटिव्ह ८ बाय १० इंचांच्या. ३५ मिमीच्या निगेटिव्हवर अख्खा चेहरा पेन्सिलीच्या टोकाएवढा, तिथे काय भरणार आणि काय खरवडणार?

आता भिंगवाल्यांसाठी. चांगल्या छपाईच्या पुस्तकात कपाळ आणि डोळ्यांखालचा भाग भिंगाने बघा. त्वचा अगदी एकसारखी, संगमरवरी, आणि लगेच शेजारी पापणीचा केस न् केस सुटा. खऱ्या चेहऱ्यात असं कधी नसतं. जिथे त्वचेचा पोत एकदम संपतो, तिथे पेन्सिल संपली.

खिडकीपाशी

डार्करूम, दंडवत! आत्ताच क्रॉफर्ड काढून बघितली. डाव्या डोळ्याखाली सीमारेषा चक्क सापडली.

तुमच्यामुळे एक आठवलं. फोटोंनी सजवलेलं पहिलं व्यापारी पुस्तक टॅलबॉटचं, ‘द पेन्सिल ऑफ नेचर’. १८४४ ते १८४६ मध्ये सहा भागांत निघालं, २४ चित्रं, प्रत्येक प्रतीत मूळ प्रिंट हाताने चिकटवलेल्या. (ॲना ॲटकिन्सचं निळ्या सायनोटाइपमधलं शेवाळांचं पुस्तक १८४३ पासून येत होतं, पण ते तिने स्वतःच करून ओळखीपाळखीत वाटलं.) लोकांना ही चित्रं कुणीतरी काढलेलीच वाटायची, म्हणून टॅलबॉटने पुस्तकात एक चिठ्ठी घातली. आशय असा: ही चित्रं निव्वळ प्रकाशाने उमटली आहेत, चित्रकाराच्या पेन्सिलीची यात काहीही मदत नाही.

नव्वद वर्षांनी तीच पेन्सिल मागच्या दाराने आत आली म्हणायची.

तिरकस

म्हणजे शेवटी फसवणूकच ना?

डार्करूम

आजोबांना विचारलं असतंत तर म्हणाले असते, गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं?

आगाऊ कार्टं

मोबाइलवर फोटो मोठा करून बघितला तर चालेल का? भिंग नाहीये. (या वेळी सगळं वाचलंय, शप्पथ.)

मुद्राराक्षस

चालेल की. पानाचा फोटो काढून मोठा केलास तर ठिपके दिसतील. पण कधी कधी पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी दिसेल, ती पुस्तकात नसते. पुस्तकाची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर पडून होते. तिला मोआरे म्हणतात.

त्यावरून सगळ्यांना इशारा. जुन्या गाजलेल्या पुस्तकांच्या ‘नव्या आवृत्त्या’ घेताना जपा. मूळ निगेटिव्ह किंवा प्रिंटवरून पुन्हा काम केलं असेल तर उत्तम. पण काही जण जुन्या छापील पुस्तकाचीच पानं स्कॅन करून छापतात, ठिपक्यांवर ठिपके. मग एकतर तरंग येतात, नाहीतर ते घालवायला चित्र इतकं मऊ करतात की नटीला मोतीबिंदू झाल्यासारखं वाटतं.

खिडकीपाशी

अगदी! मी एका विक्रेत्याकडून असंच एक मागवलं होतं. संकेतस्थळावर लिहिलेलं ‘संग्राह्य आवृत्ती’. आलं ते खोक्यात मोकळं हिंदकळत, दोन कोपरे चेपलेले, आणि आत प्रत्येक काळ्या पोशाखावर तरंग. वर डिंकाने चिकटवलेली बांधणी, मध्यावर उघडलं तर कट्कन आवाज झाला आणि ४० पानं हातात. परत घेतलं नाही ते नाहीच.

मुद्राराक्षस

जुजबंदी, म्हणजे पानांची शिवण, बघून घेत जा हो. पुस्तक बंद असताना पाठीच्या टोकाकडून बघायचं. १६-१६ पानांचे फॉर्मे दुमडून शिवलेले असतील तर छोट्या छोट्या कमानी दिसतात. सरळ सपाट कापलेली कड दिसली की डिंक. फोटोंच्या पुस्तकात तर हा जीवनमरणाचा प्रश्न, कारण दोन पानांवर पसरलेलं चित्र पूर्ण उघडलंच नाही तर मधल्या घडीत काय जातं? नेमकं नाक.

सांजवात

नाकावरून, ज्यांनी मधली घडी जिंकली ते म्हणजे अलेक्सी ब्रॉडोविच. ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकाचे १९३४ ते १९५८ कलासंचालक. १९४५ मध्ये त्यांचं ‘बॅले’ आलं, स्वतःच काढलेले १०४ फोटो, प्रती जेमतेम पाचशे. सगळे धूसर, हललेले, दाणेदार; तेव्हाच्या नियमाने टाकाऊच. पण चित्रं पानाच्या कडेपर्यंत नेलेली, समास नाहीच, आणि नर्तकी डाव्या पानावरून निघते ती उजव्या पानाबाहेर जाते. घडी तिला अडवत नाही, ती घडी ओलांडते. मी मूळ प्रत पाहिलेली नाही, नंतरच्या काळजीपूर्वक केलेल्या आवृत्तीवर समाधान मानलंय.

समोरच्या पानावर काय आहे यानेही फोटो बदलतो. रॉबर्ट फ्रँकने अमेरिकाभर फिरून २७,००० च्या वर फोटो काढले आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात घेतले ८३. १९५८ च्या फ्रेंच आवृत्तीत डाव्या पानांवर अमेरिकेविषयीचे उतारे होते, पुस्तक समाजशास्त्राचं वाटायचं. पुढच्याच वर्षीच्या अमेरिकन आवृत्तीत डावी पानं जवळपास कोरी ठेवली. फोटो तेच, क्रम तोच, आणि एकदम कविता झाली.

तिरकस

हे पटलं. कोऱ्या पानाचे पैसे द्यायला मी तयार आहे.

(पिन-अपबद्दल मत बदललेलं नाही.)

डार्करूम

जपणुकीबद्दल कुणीतरी लिहा. माझं एक फॅशनचं पुस्तक वरच्या मजल्यावरची गळती होऊन भिजलं. मी उन्हात वाळवलं, तर आता वीट झालीये. पान सुटत नाही.

मुद्राराक्षस

अरेरे. आर्ट पेपरचा लेप ओला झाला की चिकट होतो आणि तसाच वाळला की पानं एकजीव. त्याला इलाज नाही. भिजल्या भिजल्या दोन पानांत कोरा शोषक कागद घालत जायचं, आणि तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये. हसू नका, ग्रंथालयंही तेच करतात. गोठलं की वेळ मिळतो.

बाकी, मोठी पुस्तकं आडवी ठेवा, उभी ठेवली की पानांच्या वजनाने सांधा फाटतो. हेल्मट न्यूटनचं १९९९ चं ‘सुमो’ ३० किलोंच्या आसपास आहे. प्रकाशकाने त्याच्यासोबत स्टँडच दिला होता, म्हणजे बघा. आणि पाठ उन्हाकडे नको, लाल रंग आधी उडतो.

कोरा कागद

मी परत आले. कबुलीजबाब द्यायचाय.

तुमचं वाचून पुस्तक काढलं. मी गोंद लावलेल्या दोन चित्रांपैकी एकाचा गोंद सुकून तीन बाजूंनी सुटलाच होता. अलगद उचललं. चित्राच्या मागे बारीक अक्षरात क्रमांक छापलेला आहे, १७. पानावर मथळ्याशेजारी क्रमांक आहे २३.

घरात हे पुस्तक मी ११ वर्षं बघतेय. त्या पानावर मथळा आहे बर्थ मोरिसो, चित्रकार माने, १८७२. समोर लेखकाने पानभर लिहिलंय की या चित्रात काळा रंग कसा बोलतो, काळी हॅट, काळा पोशाख, छातीपाशी जांभळ्या फुलांचा गुच्छ. आणि वर चिकटवलेल्या चित्रात एक बाई गुलाबी पार्श्वभूमीवर हनुवटीला हात लावून गोड हसतेय. मला वाटायचं, समीक्षक लोक असंच लिहितात, आपल्याला कळत नाही. एकदा तर फुलं शोधायला चष्मा लावून बसले होते.

ती रेन्वारची झान सामारी आहे. मी दोघींना एकमेकींच्या घरात नेऊन पक्कं चिकटवलं.

तिरकस

😂😂 मग १७ नंबरच्या पानावर काय आहे?

कोरा कागद

तिथे मोरिसो बसलीये, काळी हॅट घालून. खाली मथळा ‘हसरी नटी’ आणि समोर पानभर गुलाबी रंगाचं कौतुक. तिचा गोंद मात्र अजिबात सुटत नाहीये. मुद्राराक्षस काका, काय करू?

मुद्राराक्षस

काही करू नका. पेन्सिलने, मऊ पेन्सिलने, दोन्ही मथळ्यांशेजारी बाण काढा. आणि गोंदाची बाटली तेवढी दुसऱ्या खोलीत ठेवा.